मोठ्या एसयूव्हीतील विजेचे बिघाड : काही बदलण्यापूर्वी काय मोजावे

सात आसनांच्या मोठ्या डिझेल एसयूव्हीच्या मालकांकडून विजेसंबंधी ज्या तक्रारी येतात, त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे वरकरणी वाटत नाही. कुणाची गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. कुणाच्या डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंग यांचे दिवे एकदम पेटतात आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की विझतात. कुणाचा टचस्क्रीन चालता चालता काळा पडतो, तर कुणाची मागची डिकी बटणाने उघडेनाशी होते. अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजात गेला की बहुतेक वेळा आधी बॅटरी बदलली जाते, मग एखादा सेन्सर, मग एखादे महागडे मॉड्यूल, म्हणजे गाडीचे एखादे काम सांभाळणारा छोटा संगणक. आणि पैसे खर्च होऊनही तक्रार जागच्या जागी राहते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की मोजल्याशिवाय काहीही बदलू नये. मोजायला फार सामान लागत नाही. दहा अँपिअरपर्यंत प्रवाह मोजणारा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, टॉर्च, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि आकडे लिहायला वही असली की मालकाला घरच्या अंगणात निम्म्याहून अधिक तपासणी स्वतः करता येते.

सुरुवात बॅटरीपासून

थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून थंडीच बॅटरी मारते, असा समज आहे. प्रत्यक्षात बॅटरी खराब करते ती उष्णता. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की बॅटरीच्या आतील रासायनिक क्रियांचा, आणि म्हणून पट्ट्या गंजण्याचाही, वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात नांदेड, परभणी, जालना या भागांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक तापते. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत बॅटरीचे पाणी आटते, पट्ट्या झिजतात, पण गरम हवेत इंजिन सहज फिरत असल्यामुळे हे नुकसान लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीला पारा दहाच्या खाली उतरतो, तेल घट्ट होते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि मग उन्हाळ्यात दुबळी झालेली बॅटरी पहाटे उघडी पडते. त्यामुळे बॅटरीची तपासणी दिवाळीपूर्वी करून घ्यावी, गाडी अडल्यानंतर नव्हे.

गाडी किमान चार-पाच तास उभी राहिल्यानंतर मल्टिमीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर टेकवावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० किंवा त्याखाली म्हणजे ती जवळजवळ उतरलेली आहे. गाडी नुकतीच चालून आली असेल तर पट्ट्यांच्या पृष्ठभागावर साचलेला विद्युतभार आकडा फुगवून दाखवतो, म्हणून हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने मोजावे. आकडा कमी आला म्हणून लगेच बॅटरीला दोष देऊ नये. आधी ती बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्यावी आणि मगच तिची ताकद पाहावी.

ताकद पाहायची ती सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटरकडे पाहावे. मोठ्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर शेकडो अँपिअर खेचतो, त्यामुळे व्होल्टेज घसरणारच. पण भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिचे दिवस भरले आहेत असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असला पाहिजे. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजूनही डायनामो म्हणतात, त्याचे उत्पादन संगणक गरजेनुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे एखाद्या क्षणी आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून पुन्हा पाहावे. तरीही तो १३.५ च्या वर सरकत नसेल, तर पट्टा ढिला आहे का, डायनामोच्या मागच्या जोडाला गंज आहे का, हे आधी तपासावे. पंधरा व्होल्टच्या वर आकडा सतत राहत असेल तर व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग बिघडलेला आहे आणि अशी गाडी फार चालवू नये, कारण त्याने बॅटरी उकळते आणि मॉड्यूलही जळू शकतात.

याच वेळी, इंजिन चालू असताना, मीटर एसी व्होल्टवर (म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या पट्ट्यावर) फिरवून बॅटरीवर एकदा टेकवावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर डायनामोतील डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, खराब झाल्याचा संशय घ्यावा. खराब डायोड गाडी बंद असतानाही बॅटरी उतरवतो आणि मालक मात्र बॅटरीवर बॅटरी बदलत राहतो.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. डायनामो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची जुनी पद्धत काही गॅरेजांत अजून चालते. जुन्या जीपला ती चालून जात असे. आजच्या गाडीत तार निघताच व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते आणि इंजिनचा संगणक, डॅशबोर्डचा मीटर, टचस्क्रीन यांपैकी काहीही कायमचे जाऊ शकते. कुणी असे करू लागले तर मालकाने त्याला स्पष्ट शब्दांत थांबवावे.

टर्मिनल आणि अर्थिंग

बॅटरी चांगली, डायनामो चांगला आणि तरीही सेल्फ जड, हा प्रकार फार आढळतो. त्याचे कारण बहुधा दोन-तीन रुपयांच्या जागी दडलेले असते. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर पितळी किंवा शिशाचा चिमटा घट्ट बसलेला दिसतो, पण दोघांच्या मध्ये पांढरट-हिरवट भुकटीचा पातळ थर साचलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मीटरला मात्र दिसतो. मीटरचे एक टोक खुंटाच्या मधोमध टेकवावे आणि दुसरे त्याच खुंटावरच्या चिमट्यावर, आणि त्याच स्थितीत सेल्फ मारायला सांगावे. तेथे जवळजवळ शून्य आले पाहिजे. ०.२ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर बॅटरीची ताकद त्या थरातच वाया जात आहे. चिमटा काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून तो धुवावा, तारेच्या ब्रशने खुंट चकचकीत करावा, कोरडा करून घट्ट बसवावा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. काढताना नेहमी वजा टोक आधी आणि बसवताना ते शेवटी.

हीच चाचणी बॅटरीच्या वजा खुंटापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत आणि पुन्हा बॉडीपर्यंत करावी. येथेही सेल्फ मारताना ०.२ व्होल्टच्या आसपासचा फरक ही मर्यादा मानावी. फरक जास्त असेल तर अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचे वजा टोक इंजिनला व बॉडीला जोडणारी, विणीची पट्टी किंवा तिचा बोल्ट शोधावा. गाडीची एकदा डेंटिंग-पेंटिंग झालेली असेल तर अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहून गेलेला हमखास सापडतो, कारण रंगारी रंग मारतो आणि बोल्ट पुन्हा कसून ठेवतो. रंग खरवडून उघडा पत्रा करणे, लग (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) घट्ट कसणे आणि वरून गंजरोधक लावणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम का पेटतात, याचेही उत्तर येथेच आहे. गाडीतील मॉड्यूल दोन तारांच्या जाळ्यावर, म्हणजे कॅन बसवर, एकमेकांशी सतत बोलत असतात. व्होल्टेज क्षणभर फार घसरले की काही मॉड्यूल गप्प होतात आणि बाकीचे ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करतात. स्कॅनरवर, म्हणजे गाडीतील बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर, दिसणारे ‘यू’ ने सुरू होणारे कोड हे बहुतेक अशाच नोंदींचे असतात; ‘पी ०५६२’ हा कोड तर व्होल्टेज कमी पडल्याचेच सांगतो. म्हणून स्कॅनरवर दहा कोड आले म्हणजे दहा भाग गेले असे होत नाही. सर्व कोड वहीत लिहून घ्यावेत, बॅटरी आणि अर्थिंग नीट करावे, कोड पुसून टाकावेत, दोन-चार दिवस गाडी चालवावी आणि जो कोड परत येईल त्याच्याच मागे लागावे.

कोड परत येत राहिले आणि अनेक मॉड्यूल एकाच वेळी गप्प होत असतील तर जाणकार वायरमनने बॅटरी सोडवून स्कॅनर लावायच्या सॉकेटमधील ६ आणि १४ या क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजावा. पुष्कळ गाड्यांत तो साधारण ६० ओहम येतो. १२० आला तर जाळ्याची एक बाजू तुटलेली असते आणि शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना भिडलेल्या असतात. काही गाड्यांत हे सॉकेट मधल्या एका मॉड्यूलमार्फत जोडलेले असते, तेथे हा आकडा वेगळा येईल आणि त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहावा लागेल.

उभ्या गाडीची बॅटरी कोण खाते

गाडी बंद असतानाही घड्याळ, किल्लीचा रिसीव्हर, चोरीविरोधी यंत्रणा यांना थोडी वीज लागते. सारे मॉड्यूल झोपल्यानंतर ही ओढ ५० मिलिअँपिअरच्या आत असणे हे बरे लक्षण आहे. फरक किती पडतो ते पाहा. ७० अँपिअर-तासांची बॅटरी ०.०५ अँपिअरच्या ओढीने अर्धी व्हायला सुमारे २९ दिवस लागतात, ओढ ०.५ अँपिअर असेल तर तीच बॅटरी तीन दिवसांत अर्धी होते. गाव सोडून चार दिवस पुण्याला गेलेल्या मालकाला परत आल्यावर गाडी मेलेली दिसते, ती यामुळे.

मोजण्याची पद्धत अशी. बॉनेट उघडावे आणि त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवावे, म्हणजे गाडीला बॉनेट बंद आहे असे वाटेल. ज्या दारातून फ्यूजबॉक्सपर्यंत पोहोचायचे आहे त्याच्या कुलपाचेही तसेच करावे. काम झाल्यावर हँडल ओढून ही कुलपे मोकळी करायला विसरू नये. बिनाकिल्लीची गाडी असेल तर किल्ली घरात दूर ठेवावी, कारण ती जवळ असली की काही गाड्या झोपतच नाहीत. मग वजा तार काढून, मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावून, खुंट आणि तार यांच्या मध्ये जोडावा. सुरुवातीला आकडा मोठा येईल. तीस-चाळीस मिनिटे थांबावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नये. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल.

आकडा खाली येत नसेल तर एकेक फ्यूज उपटण्याची सवय टाळावी. फ्यूज काढला-घातला की झोपलेले मॉड्यूल जागे होते आणि सगळा हिशेब बिघडतो. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर प्लास्टिकमधून डोकावणारे धातूचे दोन बारीक ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोके या दोन ठिपक्यांवर टेकवावीत. शून्य आले तर त्या फ्यूजमधून वीज वाहत नाही. एखाद्या फ्यूजवर मिलिव्होल्टचा अगदी लहान आकडा जरी स्थिर दिसला, तरी ओढ त्याच वाटेने आहे. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरील नकाशा पाहून त्या फ्यूजवर काय काय आहे ते काढावे.

माझ्या मते आपल्याकडे या ओढीचे सर्वांत मोठे कारण कंपनीची वायरिंग नसून नंतर लावलेले सामान हे आहे. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, अँप्लिफायर, छतावरची एलईडी पट्टी, चार-चार भोंगे आणि निवडणुकीच्या प्रचारासाठी लावून मग अर्धवट काढलेले लाउडस्पीकरचे वायर, हे सगळे कुठल्या तरी चालू तारेला चीर देऊन टेपने गुंडाळलेले असते. छतावरच्या १८० वॉटच्या एलईडी पट्टीला सुमारे १५ अँपिअर लागतात. असा भार हेडलाइटच्या बारीक तारेवर टाकला तर तार तापून वितळते. सामान लावायचेच असेल तर बॅटरीच्या अगदी जवळ स्वतंत्र फ्यूज, मध्ये रिले (थोड्या विजेने मोठा भार चालू-बंद करणारा स्विच), पुरेशा जाडीची तार आणि दाबून बसवलेले लग, यांत कुठेही तडजोड करू नये. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : दहा अँपिअर लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, तीस हिरवा. उडालेल्या निळ्या फ्यूजच्या जागी हिरवा लावणे किंवा तांब्याची तार पिळून घालणे म्हणजे गाडीला आग लागण्याची सोय करणे होय.

उंदीर, पाणी आणि डिकीची तार

ज्वारी काढली, ऊस तुटला आणि रान मोकळे झाले की शेतातले उंदीर आसरा शोधत गोठ्यात, कडब्याच्या गंजीत आणि तेथेच उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात. बॉनेटच्या आतील नमदा कुरतडलेला दिसला, बॅटरीच्या तळाशी लेंड्या किंवा अर्धवट खाल्लेले दाणे सापडले, तर वायरिंग बारकाईने पाहावी. एअर फिल्टरच्या डब्यातही डोकवावे. कुरतडलेली तार नुसती टेपने गुंडाळली तर पहिल्या पावसात तेथे पाणी शिरून हिरवा गंज चढतो. तार कापून, दाबून किंवा डाख देऊन जोडावी आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. एकमेकींना पिळलेल्या दोन तारा आढळल्या तर त्या बहुधा कॅन बसच्या असतात. जोडताना त्यांचा पीळ तसाच ठेवावा. प्रतिबंधाचा उपाय म्हणून गाडी धान्यापासून आणि चाऱ्यापासून दूर उभी करावी आणि उभ्या गाडीचे बॉनेट दोन-तीन दिवसांनी उघडून पाहावे. बॉनेटमध्ये विषाच्या गोळ्या टाकू नयेत. मेलेला उंदीर डायनामोच्या मागे अडकला तर त्याचा शोध घेणे वायरिंगपेक्षा अवघड होते.

सनरूफ असलेल्या गाड्यांत जूनचा पहिला पाऊस वेगळी तक्रार आणतो. सनरूफच्या कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या बारीक नळ्या काळ्या मातीच्या धुळीने बुजतात, पाणी खांबातून उतरून गालिच्याखाली साचते आणि तेथील जोड किंवा मॉड्यूल भिजते. पावसाळ्यापूर्वी सनरूफच्या खाचेत कपभर पाणी हळूच ओतावे आणि ते गाडीखाली प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर येते का ते पाहावे. नळी बुजली असेल तर कंप्रेसरच्या जोराच्या हवेने फुंकू नये, कारण आतला जोड निसटतो आणि मग पाणी थेट आत पडते. वॉशिंग सेंटरवर इंजिनवर दाबाचे पाणी मारून घेणे हेही मला कधीच पटलेले नाही.

मागचा वायपर, मागचा कॅमेरा, नंबरप्लेटचा दिवा आणि डिकीचे कुलूप यांपैकी दोन गोष्टी आळीपाळीने बंद-चालू होत असतील तर कॅमेरा बदलण्याआधी डिकीच्या वरच्या कोपऱ्यातील रबरी घडीची नळी पाहावी. छतातून डिकीत जाणाऱ्या सगळ्या तारा या बोटभर नळीतून वाकतात आणि डिकी उघडताना-मिटताना हजारो वेळा त्याच जागी मोडतात. बाहेरचे आवरण शाबूत राहते आणि आतले तांबे तुटते, त्यामुळे नुसते पाहून कळत नाही. इग्निशन चालू करून रिव्हर्स गिअर टाकावा, हँडब्रेक ओढलेला असावा, आणि एकाने डिकी हळूहळू वरखाली करताना दुसऱ्याने पडद्यावरचे चित्र पाहावे. ज्या कोनात चित्र जाते तेथे तार तुटलेली आहे. नळी दोन्ही बाजूंनी सोडवून प्रत्येक तार हलकेच ओढली की तुटलेली तार रबरासारखी ताणली जाते. दुरुस्तीसाठी मऊ, सिलिकॉन आवरणाची तार वापरावी आणि जोड वाकणाऱ्या भागात न ठेवता छताच्या किंवा डिकीच्या आत न्यावेत, शिवाय सारे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत.

रस्त्यात गाडी बंद पडली तर

जंपर लावताना मदतीला येणाऱ्या वाहनाचे व्होल्टेज आधी विचारावे. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, तिच्यावरून गाडी सुरू करता येते. उसाच्या किंवा मालाच्या मोठ्या ट्रकमध्ये मात्र दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात; ती तार एसयूव्हीला लावली तर एका क्षणात हजारोंचे नुकसान होते. अधिक टोक अधिक टोकाला जोडावे, पण वजा टोक उतरलेल्या बॅटरीच्या खुंटाला न जोडता इंजिनच्या किंवा चासिसच्या उघड्या धातूला जोडावे. असे केल्याने ठिणगी बॅटरीपासून दूर राहते, आणि वजा चिमट्यावर बॅटरीची स्थिती मोजणारा सेन्सर असेल तर त्याचाही हिशेब बिघडत नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, त्यामुळे माणसे गोळा करू नयेत. गार्ड किंवा हुक बसवण्यासाठी वेल्डिंग करायचे असेल तेव्हाही बॅटरीच्या तारा आधी काढायला सांगाव्यात.

नवी बॅटरी घ्यायची वेळ आली तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवू नये; तेथे वारंवार बंद-चालू होणे सोसणारी एजीएम किंवा ईएफबी प्रकारचीच लागते. ज्या गाड्यांत वजा चिमट्यावर सेन्सर आहे, त्यांपैकी अनेकांना नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करून द्यावी लागते. दुकानदार ती करणार आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

वॉरंटीतील गाडीच्या तारा स्वतः किंवा बाहेर कापून घेऊ नयेत. वहीतील आकडे, तारखा, त्या वेळचे किलोमीटर आणि पेटलेल्या दिव्यांचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जावे आणि जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ एवढीच नोंद असेल तर सही करू नये. ‘तीन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी ११.८ व्होल्ट, झोपेतील ओढ ०.४ अँपिअर’ असे लिहिलेले असले की पुढच्या प्रत्येक भेटीत तोच आकडा विचारता येतो. एकच बिघाड वारंवार येऊनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, म्हणजे गाडी पुण्यातून घेतलेली असली तरी लातूरच्या ग्राहकाला लातूरलाच दावा लावता येतो. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाची कक्षा पुरते. जॉबकार्डांच्या प्रती, आकड्यांची वही आणि फोटो त्या अर्जाला जोडावेत.